बादलीखालचा दिवा

प्रिय रिबेकाबाई,

तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा लिहिलं नाही, कारण तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा राहिला होता. आज लिहितोय आणि हात थांबत नाहीये.

काल शुक्रवार, इथे मस्कतला सुट्टी. सकाळी पूजा झाल्यावर देवापुढचं निरांजन मी जमिनीवर ठेवलं आणि त्यावर पत्र्याची बादली उपडी घातली. हवेपुरती फट राहावी म्हणून कडेखाली एक खडा. ही बादली मिळवायला इथल्या हमरिया बाजारातली किती दुकानं फिरलो! सगळीकडे प्लास्टिक.

"अहो, देवाचा दिवा झाकताय?" सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. "असलं काही कधी केलं नव्हतंत."

केलं होतं. तिसरीत असताना, तुमच्या ओटीवर. तुम्हा ज्यूंचा शब्बाथचा, दर शुक्रवारी लावायचा दिवा वाऱ्याने विझेल म्हणून मी शहाणपणाने वर बादली झाकली. वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या तुम्ही केवढ्याने ओरडलात, "काढ ती!" मी रडायलाच लागलो. मग हातावर खोबऱ्याची वडी ठेवून तुम्ही सगळं सांगितलंत.

पोलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्याचा माळा. वर आई-वडील, धाकटा भाऊ आणि सात वर्षांच्या तुम्ही. खाली ज्यूंना शोधत फिरणारे जर्मन शिपाई. तरी दर शुक्रवारी आई वात लावायची आणि बादलीखाली झाकायची. उजेड दिसायचा नाही. बादली कोमट झाली की चौघं तिच्यावर हात ठेवायचात, तेवढाच सण. असे दोन हिवाळे गेले, आणि चौघंही वाचलात! युद्धानंतर वडिलांबरोबर मुंबई, मग लग्न होऊन आमचं कोकणातलं गाव, आमची शाळा.

"तुझ्या मुलांना सांगशील?" तुम्ही विचारलंत. मी मान डोलावली.

आणि माझी सई दहा वर्षांची झाली तरी मी गप्प. लहान आहे, घाबरेल. तुम्ही सातच वर्षांच्या होतात, हे मला कसं सुचलं नाही? फोनवर तुम्हीही कधी आठवण करून दिली नाहीत. द्यायची होती, बाई.

काल सगळं सांगितलं. माझं मराठी सईला जड जातं, पण ती जागची हलली नाही. तिने बादलीवर तळहात ठेवला.

"बाबा, वॉर्म आहे." मग हात न काढताच, "पण त्यांना दिवा बघायचा असेल ना?"

सुनंदानेही हात ठेवला.

"आता काढू?" सईने विचारलं.

"काढ ती!" मी तुमच्याइतक्याच जोरात म्हणालो.

सईने बादली उचलली. ज्योत तेवत होती.

सईची मुलं मोठी होतील तेव्हा मी फोन करून तिला हे सांगायची आठवण करून देईन. हा शब्द लांबणीवर टाकणार नाही.

तुमचा तिसरीतला,
वसंत