बंदराच्या भिंतीवरची प्रवाळं

२ एप्रिल
बंदराची जुनी भिंत बुजवणार! ह्याने जेवताना सहज सांगितलं — भाजी वाढ म्हणावं तसं. भरावाचं काम ह्याच्याच कंपनीकडे, साइटवर इंजिनीअर हाच. "दहापासून दगड टाकायला सुरुवात."
त्याच भिंतीवर माझी प्रवाळं आहेत. घास हातातच राहिला.

३ एप्रिल
झोप नाही. लिहून काढते, डोकं जरा जागेवर येईल.
बाहेरचं प्रवाळबेट दोन उन्हाळ्यांत पांढरं पडून मेलं. वाचल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या वसाहती. आणि इकडे बंदराच्या घाणेरड्या, कोमट पाण्यात त्याच जातीची प्रवाळं मजेत! उष्णता पचवून बसलीत. ह्यांचं बीज आणि बेटावरच्यांचं बीज एकत्र करायचं, पिल्लं टाकीत वाढवायची, बेटावर नेऊन लावायची — चार वर्षं हीच तयारी. पण बीज सुटतं वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या दोन-चार रात्रींत. पौर्णिमा बाराला. भराव दहाला.
आधीच उचलून आणावीत? गेल्या वर्षी आणली होती. टाकीत रुसून बसली. एक अंडं नाही.

५ एप्रिल
ह्याला म्हटलं, आठवडाभर थांबव.
"माझ्या हातात असतं तर —"
"तुझ्या हातात कधी काहीच कसं नसतं रे?"
उठून गेला. लागलं असावं. लागू दे.

६ एप्रिल
बोलणं बंद.

८ एप्रिल
आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम बंदराच्या साहेबांना भेटून आल्या. साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी आधी कळवा." पुढच्या वेळी! भिंत काय दरवर्षी बुजवणार आहेत?
घरी सासूबाई कावल्या. "मीठ हवं तर त्याच्याकडे माग. मी काय तुमच्यातली पोस्टमन?" तरी बरणी त्यांनीच सरकवली.

१० एप्रिल
सकाळपासून कान बंदराकडे. दगडांचा आवाज नाही. मग दाढीचा फोन — माझ्याबरोबर पाण्यात उतरणारा तो. "अगं, दगडांची बोट उभीच आहे! तिचा पंप बिघडलाय म्हणे. सुटा भाग बाहेरून यायचाय."
हा उशिरा आला. हात कोपरापर्यंत काळे, तेलकट.
"पंप?" मी विचारलं.
"हं."
एवढंच. मान वर केली नाही. मला सगळं कळलं! ह्या माणसाने माझ्यासाठी नोकरी पणाला लावली, आणि मी काय बोलले होते त्याला.
साबण मीच काढून दिला.

१५ एप्रिल
सोडलं! सोडलं!!
रात्री नऊच्या सुमारास, भिंतीजवळ पाण्याखाली. विजेरीवर लाल कापड. आधी काहीच नाही, मग एका वसाहतीच्या अंगावर गुलाबी पुरळ उठावी तसं दिसलं आणि एकदम मणी सुटले. हजारो, सावकाश वर जाणारे. आम्ही लावलेल्या जाळीच्या टोप्यांत भरत गेले. दाढी पाण्याखालीच हसत होता, त्याच्या तोंडातून नुसते बुडबुडे. बेटावरची दुसरी तुकडीही भरल्या डब्यांनी आली. पहाटेपर्यंत बादल्यांत मिसळणं, धुणं, पुन्हा धुणं. बोटं सुरकुतली.

१६ एप्रिल
अंडी फुगली, दुभंगली. धरलंय! सासूबाईंना सांगितलं. "म्हणजे दगडांना दिवस गेले म्हण की." रात्रपाळीची म्हणून मलाच दुपारी झोपवलं.

२१ एप्रिल
भराव सुरू झाला. त्याआधी भिंतीवरच्या जमल्या तेवढ्या वसाहती उचलल्या. बाकीच्या दगडाखाली. आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. हा बोटीवर, हातवारे करून दगड कुठे टाकायचे ते दाखवत होता. वाईट वाटलं, राग मात्र नाही आला. आठवडा तर दिला ना त्याने!
पंपाचं मी विचारलं नाही. विचारणारही नाही. उगाच अवघडेल.

३० जून
निम्मी पिल्लं गेली. शेवाळाने गिळली. मॅडम म्हणतात, निम्मी राहिली हेच पुष्कळ. मला गेलेलीच दिसतात. हा संध्याकाळी प्रयोगशाळेत आला, माझ्या शेजारी बसून, पिल्लं ज्यांवर चिकटवलीत त्या छोट्या फरश्यांवरचं शेवाळ मऊ ब्रशने घासत राहिला. इतकं प्रेमाचं माणूस! लग्नाला अकरा वर्षं झाली, आत्ता कुठे नवरा कळतोय.

१२ ऑगस्ट
गरम पाण्याची परीक्षा. निव्वळ बेटावरची पिल्लं पांढरी पडली. मिश्र टिकली — सगळी नाहीत, पण पुष्कळ. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

४ नोव्हेंबर
पहिल्या फरश्या बेटावर बसवल्या. नखाएवढी पिल्लं. इतका मोठा समुद्र, आणि ही एवढीशी! टिकतील? कोण जाणे. वर आल्यावर पहिला फोन ह्याला केला. म्हटलं, "हे तुझंही आहे." "तू आधी घरी ये," म्हणाला आणि फोन ठेवला.

५ नोव्हेंबर
भांडी विसळताना हा म्हणाला, "पंप खरंच बिघडला होता. मी दोन दिवस तो चालू करायलाच धडपडत होतो." मग खाली बघत, "तू इतकी खूश होतीस. सांगवेना. आता तू अशी बघतेस तेही सोसवेना."
मी नळ बंद केला. पंच्याचं एक टोक त्याच्या ओल्या हातात दिलं, दुसऱ्याला माझे हात पुसले.