आठ व्होल्टचा तोरा

अहो,

“बायकोच्या हातचा अँप, आवाज फाटणारच!” काल जिन्यात मित्राच्या कानात कुजबुजलात, ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

मी बनवलेल्या अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, पूर्ण आवाजासाठी एक व्होल्ट पुरतो. ‘आवाज कमी येतो’ म्हणत तुम्ही त्याच्या आधी जोडायला मिरवत आणलेला प्रीअँप त्याच्यात आठ ओततो. मग बटण जरा हललं की आवाज फाटणार नाही तर काय होणार? खोक्यावरचं ‘दमदार’ तेवढं वाचलंत. मागचे आकडे वाचायचे कष्ट कोण घेणार!

दोघांच्या मध्ये मी व्होल्ट कमी करणारी रेझिस्टरची डबी जोडली आहे. आता आठाचा एक होऊन पोचतो. बटण अर्ध्यावर ठेवलं की खोली भरते. सकाळी मी आणि लेकीनं ऐकलं. डबी काढून अक्कल पाजळू नका. एक स्पीकर जाळलात तेवढा पुरे.

तरी तुम्हाला आवाज कमीच वाटेल. मी कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला पुढे गेलेय, पाचला या. लेक म्हणत होती, “बाबांना सांगू नकोस, गाण्यावर जीव आहे त्यांचा.” म्हणून वर्षभर तुम्ही ‘आवाज कमी’ म्हणालात की मीही अँपच उघडत बसले. अहो, अँप चांगला आहे. तुम्हालाच ऐकू येईनासं झालंय.