नेपाळले माझी गरज आहे

१४ नोव्हेंबर, सकाळ. नेपाळ.
परवा मदतीचा कॅम्प संपते. म्हणजे बाकीच्यांचा. मी राहणार. फायनल! भूकंपात घरं गेलेल्या माणसांना अर्ध्यावर टाकून भिलाईले परतणं माझ्या स्वभावात नाही. तिथल्या स्टील प्लांटच्या स्ट्रक्चरल शॉपमध्ये जिंदगी गेली. पत्र्याची शेड आमच्या अख्ख्या सेक्टर 10 मध्ये माझ्याएवढी कोणाले समजते?

संध्याकाळ.
वंदनाले सांगितलं. वंदना म्हणजे आमची टीम लीडर, भिलाईतल्याच रुआबांध्याची डॉक्टर, माझ्या पोरीच्या वयाची. म्हणाली, काका, तुमचं तिकीट झालं. म्हटलं, कॅन्सल कर. म्हणाली, अन् कंबर? कंबर हा माझा पर्सनल मॅटर आहे. पहिल्याच दिवशी पाइप उचलताना जराशी धरली. मले साइटवरून खाली आणायले चौघं लागले, कारण आजकालच्या पोरांत दम नाही.

१५ नोव्हेंबर
माझ्या डिझाइनची शेड पाहून आलो. हर्कमायासाठी बांधली होती. म्हातारी एकटी आहे. शेडमध्ये बकऱ्या! ती स्वतः बाजूच्या ताडपत्रीखाली झोपते. आमच्या टीममधल्या रूपेशनं विचारून घेतलं. म्हणे दार वाऱ्याच्या तोंडावर आहे. वर हसून म्हणतो, अंकल, बकरियों को पसंद है. हसू दे. शेड मजबूत आहे म्हणूनच बाईनं आपला किमती माल तिथं ठेवला.

कंबर धरल्यापासून मले कॅम्पमध्ये, दिवसा तिथं येणाऱ्या हर्कमायाजवळच बसवून ठेवलं आहे. तिचा नातू घराखाली दबून गेला. ती नेपाळीत बोलते, मी आपल्या मराठीत. ती रडते तेव्हा मी तिचा चहा धरून बसतो. काल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, तर चहा थंड झाला तरी मले हलता येईना. एका एक्सपिरियन्स्ड माणसाचा असा वापर! वंदनाजवळ सख्त निषेध करणार.

१६ नोव्हेंबर
निघालो. राहायचा निर्णय रद्द नाही, स्थगित.
निषेध राहूनच गेला. हर्कमायानं दोन्ही हातांनी हात धरला. जीपवाला हॉर्न मारून राहिला. म्हटलं, सोड माय, जाऊ दे मले. रूपेश हळूच म्हणाला, अंकल, उन्होंने तो कब का छोड़ दिया. मीच धरून होतो म्हणे. पोराची नजर कमजोर आहे.
जीपमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेरच पाहिलं. रस्ता खराब होता.

१९ नोव्हेंबर. भिलाई.
पावर हाउस स्टेशनवर उतरलो. हारतुरे घ्यायचे नाहीत असं गाडीतच ठरवलं होतं. कोणी आणलेही नव्हते. बायको, विजया, एकटी आली होती. म्हणाली, किती वाळले हो! मग म्हणाली, कपडे आंगणातच काढा.
आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीले फोन करून माझं भाषण ठेवायले लावलं. विषय: आपत्ती आणि इंजिनिअरिंग.

२४ नोव्हेंबर
भाषण झालं. पाया, पाइप, पत्रा, सगळं तयार होतं. सुरुवातीलेच हर्कमायाचं नाव निघालं अन् कागदावरची ओळ दिसेना. हॉलमधला पंखा फार जोरात होता. मंडळाच्या कमलिनीताईंनी पाणी आणून दिलं. कागद घडी करून खिशात ठेवले अन् खाली उतरलो. लोक भारावले असतील. घरी येताना विजयानं पूर्ण रस्ता माझी बाही धरून ठेवली. कावून, कोण जाणे.

२ डिसेंबर
वंदनाचा फोन! दुसरी टीम नेपाळले जाऊन राहिली आहे. मी लगेच हो म्हणणार नव्हतो. अटी तयार होत्या: साइट माझी, डिझाइन माझं, बसायचं काम नाही. तिनं विचारलं, काका, काकू आहेत का?

विजया रिटायर्ड नर्स आहे. तिकडं बाळंतपणाले कोणी नाही म्हणे. मी गेलो तेव्हा तीही येते म्हणत होती. तुले थंडी झेपणार नाही म्हणून मीच थांबवलं होतं. आज तिनं फोनवर सरळ हो म्हटलं. माझ्याकडं पाहिलंही नाही. मी हातानं खूण केली, मी पण! तेव्हा तिनं विचारलं, अन् यांचं काय? वंदना तिकडून बराच वेळ बोलली. विजया म्हणाली, हाव, बरोबर आहे, हे घरीच बरे.
हे म्हणजे कोण, तिनं स्पष्ट केलं नाही.

तिले जायची परवानगी दिली. ती आतल्या खोलीत स्वेटर काढून राहिली होती. ऐकू गेलं नसेल म्हणून दारात जाऊन मोठ्यानं पुन्हा दिली.