वेल्सकडचा बाण

टूनगॅबी, शनिवार, १० ऑक्टोबर २०२०

सुमती अनंत केळकर, महामारीने तुझा रविवारचा मराठी वर्ग बंद पडला, म्हणून आज आपल्या नेहासह ती भाड्याची खोली रिकामी केली. भिंतीवर तू मुलांसाठी काढलेला लडलो गावाचा नकाशा होता: टेकडीवर नॉर्मनांचा किल्ला, त्याच्या पुढ्यात बाजार, खाली टेम नदी. पश्चिमेला एक बाण आणि तुझे अक्षर, ‘वेल्स इकडे’.

लग्नापूर्वी वर्षभर तू त्या गावात शिकवलेस. २००८ साली, इथल्या पेंडल हिल उपनगरातल्या एका जेवणात तू त्याचा इतिहास सांगू लागलीस आणि मी सर्वांसमोर तुला अडवले. “लडलो वेल्समध्ये आहे. आधी नकाशा पाहत जा.” लोक हसले. तू ताटे उचललीस.

दुसऱ्याच दिवशी मी ॲटलास पाहिला. लडलो इंग्लंडमध्येच होते. मी गप्प राहिलो. का? एवढेसे कबूल करायला काय लागत होते? एप्रिलमध्ये तुझ्या अंत्यविधीला दहाच माणसे होती, बाकीची पडद्यावर. तिथेही मी म्हणालो, तिने वेल्समध्ये शिकवले.

“आईला माहीत होतं, बाबा,” नेहा आज म्हणाली. “ॲटलासचं ते पान तुम्ही उघडंच ठेवलं होतं. शी वेटेड. ट्वेल्व्ह इयर्स.”

ती खोकी घेऊन गाडीकडे गेली. मी त्या बाणासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, “लडलो इंग्लंडमध्ये आहे.” ऐकायला कोणी नव्हते, म्हणूनच जमले असावे.

नकाशा उतरवला. दाराला कुलूप लावले, किल्ल्या परत केल्या.