पाचवं उत्तर

१० ऑगस्ट १९९४, बुधवार

चार! दहापैकी चार! जूनमध्ये शून्य, जुलैत दोन, आज चार. डोनाने कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, पाच झाले की इन्शुरन्सवाले पुढचे सहा महिने थेरपी देतील. नाही झाले तर तीन ऑक्टोबरला शेवटचा तास. म्हणजे एक उत्तर कमी पडतंय. एकच!

ही वही अनयाने न्यू जर्सीहून पाठवली. “मम्मी, राइट इट डाउन, यू विल फील बेटर.” बरं. लिहिते. एप्रिलमध्ये यांना स्ट्रोक झाला. पाय वाचला, उजवा हात अर्धा वाचला, वाचा गेली. गाड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं आवाज चढवून कामं करून घेणारा माणूस, आणि आता ‘पाणी’ म्हणायला दहा मिनिटं. डोना यांची स्पीच थेरपिस्ट. मंगळवार-गुरुवार तिच्याकडे, शिवाय ही परीक्षा.

एक गोष्ट मात्र येते. संध्याकाळी रेडिओवर डेट्रॉइटची बेसबॉलची मॅच लागली की हे चेंडू मोजतात. “बॉल वन. बॉल टू. स्ट्राइक वन.” अगदी स्पष्ट! डोना म्हणते, मोजणं मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतं, ते वाचलंय, त्याच दोरीने बाकीचे शब्द वर ओढायचे. खरंच आहे. रात्री मॅच ऐकली की दुसऱ्या दिवशी तोंड मोकळं असतं. ‘चहा’, ‘दार’, ‘चष्मा’, ‘अनया’ हे चारही तसेच आले.

दहावा प्रश्न दर वेळी चुकतो. बायकोचं नाव काय? हे गप्प. डोना फुली मारते आणि माझ्याकडे बिचारी म्हणून बघते. अगं बाई, बत्तीस वर्षांत एकदा तरी नावाने हाक मारली आहे का यांनी! “अगं”, “ऐकलंस का”, नाहीतर नुसतं खाकरणं. मीही “अहो”. डोनाला पहिले तीन आठवडे वाटत होतं, यांचं नावच ‘अहो’ आहे.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

संप! बेसबॉलवाल्यांनी संप केला!

सात वाजता रेडिओ लावून दिला. मॅच नाही. दोन माणसं बोलतायत — मालक, युनियन, पगाराची मर्यादा. हे नेहमीसारखे खुर्चीत, मांडीवर स्कोअरची वही, डाव्या हातात पेन्सिल. साडेसात झाले. आठ झाले. मी बंद करायला गेले तर यांनी माझं मनगट धरलं.

आपली टीम तळाला आहे, तळाला! नाचता येईना अंगण वाकडं, आणि मेले संपावर जातायत. कशासाठी? एकेकाला वर्षाचे दहा-दहा लाख डॉलर मिळतात म्हणे. आणि माझा माणूस इथे ‘बॉल वन’ म्हणायला तोंड उघडून बसलाय.

१३ ऑगस्ट

आजही नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

अरुण भाऊजी येऊन गेले. यांच्याच डिपार्टमेंटला होते. म्हणाले, “वहिनी, दोन्ही बाजूंनी चूक आहे. मालकही कमी नाहीत. पण सुटेल हो आठवड्यात.” मी म्हटलं, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याचा घात झालाय त्याचं काय? ते चहा ढवळत बसले. यांच्याशी बोलताना ओरडतात. सगळेच ओरडतात. कान शाबूत आहेत हो यांचे!

हे गेले आठ दिवस एक शब्द बोललेले नाहीत. सात वाजता वही उघडतात, नऊ वाजता मिटतात. पान कोरं.

२४ ऑगस्ट, बुधवार

दोन. परत दोनावर. ‘चष्मा’ गेला, ‘अनया’ गेली.

गाडी चालवताना मला रडू आवरेना. वॉशटनॉ रस्त्यावर बाजूला थांबले. हे खिडकीबाहेर बघत होते. पाठीवर हात ठेवायचं तरी सुचावं माणसाला!

२५ ऑगस्ट

अनयाचा फोन. “मम्मी, जस्ट प्ले हिम ओल्ड टेप्स.” एका दुकानातून आणून लावली टेप. पाच मिनिटांत यांनी बटण दाबलं. कोण जिंकलं ते माहीत असेल, नाहीतर आवाज आवडला नसेल, मला काय कळणार! अनया म्हणे, “ट्राय अनदर वन.” तिकडे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत बसून उंटावरून शेळ्या हाकते. मग फोनवरच रडली. मग मीच तिची समजूत घातली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

२८ ऑगस्ट, रविवार

बेसमेंटमध्ये गेले. यांच्या स्कोअरच्या वह्या, सव्वीस. आम्ही आलो त्या वर्षापासून वर्षाला एक. कधी फेकून देता म्हणून मी किती वेळा विचारलं असेल! दर मॅच, दर बॉल. बॉलला टिंब, स्ट्राइकला फुली, माणूस आउट झाला की चौकोनात आकडा. पहिल्या पानावर यांनी स्वतःसाठी खुणांचा अर्थ लिहून ठेवलाय. इंजिनियर!

एक वही वर आणली. सात वाजता यांच्यासमोर बसले आणि वाचायला लागले. काय वाचतेय ते मलाच कळत नव्हतं. “पहिला गडी उभा. टिंब... म्हणजे बॉल. परत बॉल. आता फुली.”

यांनी मान वर केली.

“स्ट्राइक वन,” म्हणाले!

सोळा दिवसांनी.

५ सप्टेंबर, लेबर डे

रोज एक मॅच वाचते. सात ते नऊ. पोळ्या सहाला उरकते. या खेळाचा मला आयुष्यभर तिटकारा. दर उन्हाळ्यात एकशे बासष्ट संध्याकाळी यांची पाठ बघितली मी. पाहुणे आले तरी एक कान रेडिओकडे. आता त्याच मॅचचं कीर्तन मी करतेय, आणि जोरात, अभिनयासकट. “मारला! गेला! कुठे गेला? सेंटरला गेला!” शेजारीण दाराशी येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

काल चुकून दोन फुल्यांची एक वाचली. हे बोट नाचवून म्हणाले, “नो. स्ट्राइक टू.” नो! हा शब्द नवीन आहे. वाद घालायला बरोबर शब्द फुटतो.

११ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा गणपती. यांना घेऊन गेले. शाळेच्या हॉलमध्ये आरती, मग मसालेभात. एका नव्या जोडप्याला उखाणा घ्यायला लावला, आणि बायका माझ्याकडे वळल्या. “विनीताताई, तुम्ही पण!” नको नको म्हणता म्हणता तोंडून निघालं —

खेळाडू बसले संपावर, मैदान पडलं ओस,
श्रीरंगरावांचं नाव घेते, गणपतीचा तिसरा दिवस!

खूप हसले सगळे. हे खुर्चीत बसून भात चिवडत होते.

घरी येऊन मला राग आला. कसला ते नीट लिहिते. लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘विनीता’ लिहिलं. त्या दिवशी सुलेखा संपली. तेवीस वर्षं माझं नाव सुलेखा होतं. शाळेच्या सर्टिफिकेटवर, बक्षिसांच्या पुस्तकांवर. मला कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी नाव काढलं, यांनी लिहिलं, पेढे वाटले. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. माझं नाव पुसून दिलेलं नाव, आणि आता तेसुद्धा यांच्या तोंडातून निघत नाही! दहावा प्रश्न, फुली.

१२ सप्टेंबर

सकाळी यांना समोर बसवलं. म्हणा, वि-नी-ता. माझ्या ओठांकडे बघत राहिले. परत, वि-नी-ता. तोंड फिरवलं. मी ओरडलेच. “एवढं अवघड आहे का? स्वतःच तर लिहिलंत ना तांदळात!” चहाचा कप आपटला. कपाचा कान तुटला.

१४ सप्टेंबर, बुधवार

सगळा सीझनच रद्द केला. वर्ल्ड सीरिज, म्हणजे फायनलसुद्धा. टीव्हीवर मोठी मोठी माणसं गंभीर चेहरे करून सांगत होती. हे बघत होते. डोळ्यांत पाणी. बत्तीस वर्षांत मी यांना दोनदा रडताना पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा आणि आज. माझी आई गेली तेव्हा हे सामानाची यादी करत होते.

राग येतो. कोणाचा येतो तेच कळत नाही. खेळाडूंचा, मालकांचा, इन्शुरन्सवाल्यांचा. यांचाही येतो. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी येऊन आठ दिवस राहून बघावं.

सात वाजता वाचलं तरी. मॅच ७४ सालची.

१८ सप्टेंबर, रविवार

६९ ची वही हाती लागली. ऑगस्टची पानं उलटताना तारीख दिसली. अनया झाली तो दिवस. दुपारी दोन वाजता यांनी मला हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि म्हणाले, गाडी लावून येतो, मग कामावर फोन करायचाय. आले रात्री साडेदहाला. मीटिंग होती म्हणाले. पंचवीस वर्षं मी ती मीटिंग धरून बसले होते.

पान भरलेलं आहे. नऊच्या नऊ इनिंग्ज! एक चौकोन मोकळा नाही. टिंबं, फुल्या, सगळं सुवाच्य. कडेला एका ठिकाणी लिहिलंय, ‘पाऊस, वीस मिनिटं थांबले.’ पावसासाठी थांबले! मी परक्या देशात, भाषा अर्धी कळणारी, नर्स “पुश” म्हणतेय, आणि हा गृहस्थ गाडीत रेडिओ लावून बसलाय.

मी ते पान मोठ्याने वाचलं. मुद्दाम. पहिल्या टिंबापासून. वाचता वाचता रडत होते. आणि हे मोजत होते! “बॉल वन. बॉल टू.” चौथ्या इनिंगला मी थांबले, वही यांच्यासमोर धरली आणि तारखेवर बोट ठेवलं. हे बघत राहिले. मग मोजायचे थांबले.

वही खाली टाकून मी वर निघून आले.

१९ सप्टेंबर

आज वाचलं नाही. बोललेही नाही. जेवण ताटात वाढून दिलं.

२१ सप्टेंबर

दोन दिवस गेले. थेरपीची तारीख डोक्यात आहेच, पण वही हातात घ्यावीशी वाटेना.

संध्याकाळी सात वाजता हे स्वतः बेसमेंटचा जिना उतरले. एकटे! मी कठड्याशी उभी राहून बघितलं, हात दिला नाही. दहा मिनिटांनी एक वही घेऊन वर आले, माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर बसले. ‘सॉरी’ हा शब्द डोनाच्या यादीत नाही, त्यामुळे तो येणारच नाही. नशीब त्यांचं.

वाचलं. काय करणार! दोरी सोडली तर हे बुडतील.

२७ सप्टेंबर, मंगळवार

‘चष्मा’ परत आला. ‘अनया’ही. डोना खूश आहे. घरच्या घरी परीक्षा घेतली, चार. रोज चारच. पाचवं कुठून आणू? घड्याळ, मोजे, नांगर... नांगराचं चित्र कशाला दाखवतात कोण जाणे. आणि दहावा प्रश्न. मी आता तो घरी विचारतच नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

फ्रिजवरच्या वेळापत्रकात आजची तारीख शेवटची. सीझन झाला असता तर आज संपला असता. मी शेवटची मॅच वाचली. शेवटचा गडी आउट झाल्यावर यांनी पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली, दर वर्षी मिटतात तशी.

उद्या दहा वाजता परीक्षा. भीती वाटते. थेरपी थांबली तर हे असेच राहतील, आणि मी या घरात एकटीच बोलत राहीन. आधीही एकटीच बोलत होते म्हणा. पण तेव्हा निदान हे “हं” म्हणायचे.

झोपताना मी म्हटलं, उद्या नीट बोला हं.

३ ऑक्टोबर, सोमवार

नऊ प्रश्न झाले, चार बरोबर. उरलं बायकोचं नाव. यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, “सुलेखा.” डोनाने कागदाकडे बघितलं, सॉरी म्हणाली आणि फुली मारली. मी म्हटलं, खोड ती. माझंच नाव आहे.