तेविसावी हजेरी

६ जानेवारी, सोम.
अर्थशास्त्राच्या तासाला माने भाऊसाहेब यादी घेऊन आले. ऑफिसातले क्लार्क, पण वर्गात शिरतात ते फौजदाराच्या थाटात. "सवलतवाले, नाव घेतलं की उठा. सगळी झाल्याबिगर बसायचं न्हाई." मागासवर्गीय शिष्यवृत्तीच्या फॉर्मची पडताळणी. ऑफिसात बोलावूनही होते की. पण नाही, दरवर्षी भर वर्गातच, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत.
बावीस नावं, बावीस 'हजर'. भाऊसाहेबांनी पान मिटलं आणि मागून आणखी एक 'हजर' आलं. बारीक, मुलीचा आवाज. शेवटच्या बाकावरून. तिथं यंदा कुणी बसत नाही.
"कोन गं ती? यादी संपली."
वर्ग हसला. उभे होते ते बावीस जण हसले नाहीत, ते मागं वळून बघत होते.
मी तिसऱ्या बाकावर बसून होते. दरवर्षी बसूनच असते.

७ जाने.
रुबिना पेटलीय. (इथून पुढं नुसतं रु.) तिच्या अब्बांचं कडेगावात बांगड्यांचं दुकान, पण हिचा आवाज भांड्यांच्या दुकानाचा. विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष ती, सचिव मी. दोघी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, हे वर्गात उभं करणं बंद करा. सर गोड बोलले. "लेखी द्या. तक्रार किती जणांची आहे ते दिसू दे."
बाहेर आल्यावर रु. म्हणाली, "बरं झालं तू बोललीस. तुज्यासारखीनं सांगितलं की ऐकत्यात."
तुज्यासारखी. आडनाव मोरे म्हटलं की लोक विचारतात, "जावळीचे का?" म्हणजे मराठा. पहिल्या वर्षी मी मान हलवली, ती अजून हलतेच आहे. आम्ही वाईचे, बौद्ध. फॉर्म मी कधी भरलाच नाही. पप्पा म्हणाले होते, "फी पुरी भरू आपन. पर तू वर्गात उभी ऱ्हायची न्हाईस." एवढं बोलून सायकल पुसत बसले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

९ जाने.
फूलस्केपवर पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, वर्ग, रोल नंबर, सही. माझं अक्षर चांगलं म्हणून नावं मीच लिहिली. सह्या मिळवताना तोंडाला फेस. मुली म्हणाल्या, "नको ताई, परत नाव कशाला?" बाविसांतल्या संदेशनं सगळ्यात आधी सही केली, मग विचारलं, "तुमची कुटं?"
"मी सचिव. माझी खाली, वेगळी."
त्यानं खालच्या कोऱ्या जागेकडं बघून पेन परत दिलं. याला माहीत असेल का?
बावीस सह्या झाल्या. ओळीही बावीसच आखल्या होत्या. जेवून आल्यावर मोजल्या तर तेवीस. पट्टी लावून पुन्हा मोजल्या. तेवीसच. शेवटची कोरी. चुकले असेन.

१० जाने.
निवेदन दिलं. सर म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो." मी खूश. मूर्खासारखी.

१५ जाने., बुध.
लिहायला हात होत नाही.
संक्रांतीची सुट्टी संपवून आलो तर माझा फूलस्केप नोटीस बोर्डावर. वर ऑफिसनं लाल पेनानं लिहिलंय: सवलतधारक विद्यार्थी. येणारा-जाणारा वाचतोय. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिसऱ्या तासाला माने भाऊसाहेबांनी तोच कागद काढून वर्गात आणला. "लय झ्याक यादी केली पोरींनी. रोल नंबरासकट. माजं काम वाचलं!"
आणि वाचली. माझ्या अक्षरातली बावीस नावं. एकेक उठलं. संदेश आलाच नव्हता.
यादी बंद करायला निघाले आणि नवी, जास्त नीटनेटकी यादी करून दिली. भीक नको पण कुत्रं आवर, असं मुलींच्या तोंडावर दिसत होतं. एकही माझ्याशी बोलली नाही.
बावीस झाल्यावर मागून 'हजर'.
या वेळी कुणी हसलं नाही. माने भाऊसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "तेविसाला नाव न्हाई हितं," म्हणाले. हळू, कागदालाच सांगितल्यासारखं. मग घाईनं गेले. 'बसा' म्हणायचं विसरले.
ते विसरले आणि मला आवाज ओळखू आला. मनीषा. गेल्या वर्षी शेवटच्या बाकावर बसायची. तेव्हाही भाऊसाहेब असेच 'बसा' म्हणायचं विसरले होते. बाकीचे आपापले बसले, ती मात्र तास संपेपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. तिची आत्या वाईत आमच्याच आळीत राहते. माझं सगळं तिला ठाऊक होतं, पण कुणाजवळ बोलली नाही.

१८ जाने., शनि.
पलूसला गेले. मनीषा द्राक्षाच्या पॅकिंगला जाते. शेडमध्ये गारठा, सगळ्या बायका टोप्या घालून. तिनं लगेच ओळखलं. हातातली कात्री चालूच.
विचारलं, कॉलेजात येऊन गेलीस का?
"मी? कवा येऊ? हितं आट तास उभी आसती."
आवाजाचं सांगितलं. ती थांबली.
"कुटनं येतोय म्हनलीस?"
"तुझ्या बाकावरून."
"माजा आवाज न्हाई त्यो. मी कवाच सुटली त्यातनं." मग घड उजेडाकडं धरून खराब मणी कापत म्हणाली, "मी तिसऱ्या बाकाकडं बघत हुभी हुते त्या दिवशी. वाटलं हुतं, तू तरी उटशील."
निघताना तिनं कागदात थोडी द्राक्षं बांधून दिली. खाल्ली नाहीत.

२० जाने.
रु.चा बेत: शुक्रवारी शेवटची पडताळणी. पहिलं नाव घेतलं की अख्ख्या वर्गानं उठायचं. "पैली तू ऊट. मोरे उटली म्हनल्यावर बाकीच्यांना लाज वाटंल."
म्हणजे जावळीची मोरे म्हणून उठायचं. पुन्हा तेच.
रु.ला सांगितलं. सगळं. "तीन वर्सं? माज्या डब्यात जेवलीस गं तू," म्हणाली आणि बाटलीतलं पाणी पिऊन निघून गेली. पाठ बघत राहिले.

२१ जाने.
पप्पांना फोन केला. शुक्रवारी उभी राहणार म्हटलं. पाठीमागं स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. मग, "उभी ऱ्हायलीस तर सरळ ऱ्हा. पोक काढू नको."

२४ जाने., शुक्र.
सकाळी बोर्डाची काच सरकवली. कागद भाऊसाहेबांनी परत तिथंच लावला होता. तेविसाव्या ओळीवर माझं नाव लिहिलं. पूर्ण. रोल नंबर, सही. शाईच्या पेनानं. अक्षर वाईट आलं.
रु. वर्गात आहे. माझ्याकडे बघितलं नाही, पण ओढणी कमरेला खोचलीय. भांडायला निघाली की खोचते. संदेशही आलाय.
मी आज शेवटच्या बाकावर बसलेय. वर्ग उघडला तेव्हा आत पहिली मीच आले. सगळ्या बाकांच्या फळ्या फरशीसारख्या गार. हे एवढंच ऊबदार आहे. कुणीतरी आत्ता उठून जागा करून दिल्यासारखं.
व्हरांड्यात माने भाऊसाहेबांच्या चपला वाजतायत. काच सरकली. कागद काढला असणार.
पाठ ताठ.
पहिलं नाव घेतलं. पेन ठेवते.