सारवणातला बांध

पोलादपूरच्या वरची वाडी,
माघ महिना

प्रिय तुळसा,

बघ, लिहिलं. लग्नात उखाण्यात एकदा तुझं नाव घेतलं होतं, तेही मामाने मागून ढोसल्यावर. त्यानंतर आजवर ‘अगो’, ‘ऐकतेस काय’ आणि ‘कुठं हायस’ एवढ्यावरच आपला संसार चालला. आज कागदावर तुझं नाव उमटलं आणि मी त्याच्याकडे बघतच बसलो. गिरणीत होतो तेव्हा रात्रशाळेच्या मास्तरांनी पत्राची सुरुवात ‘प्रिय’ अशी करायला शिकवलं होतं, पण ते मित्राला लिहायचं पत्र. बायकोला काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही, बहुतेक त्यांनाही ठाऊक नसावं. हे पत्र भिकू तुला वाचून दाखवणार. भिकू, बाबा रे, तू माझा सख्खा पुतण्या, तुझ्याही तोंडावर आता मिशा आल्यात, तेव्हा हसू नकोस. आणि वॉर्डातल्या बाकीच्या बायका कान टवकारून बसल्या असतील तर जरा हळू वाच.

तुळसा, डाक्तर तुझा डोळा कापणार आणि तुला दिसायला लागणार, हे मला अजून खरंच वाटत नाही गो. मुंबईच्या इस्पितळातून आलेल्या भिकूच्या पहिल्या कार्डात होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आधी उजवा डोळा करू म्हणतात. मी चंद्राबाईला वाचून दाखवलं तर ती शेजारीण बाई तोंडावर पदर घेऊन मटकन खालीच बसली. गिरणीत मी केवढाली यंत्रं पाहिली. हजार चात्या एका पट्ट्यावर फिरताना पाहिल्या, पहिल्या दिवशी तर त्यांना हातच जोडले होते. पण माणसाच्या डोळ्यात हत्यार घालायचं आणि आतून नजर बाहेर काढायची, ह्यापुढे गिरणी म्हणजे काहीच नाही. त्या डाक्तरांचे हात कसे असतील? भाकरी तरी थापता येते काय त्यांना, विचार. मला येत नाही म्हणून विचारतोय.

तू दासगावहून निघालीस तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसलीस आणि पोलादपूर सुटलं तशी जी हसायला लागलीस, ती महाड येईस्तोवर. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मला वाटलं, आता ही उतरून पळते काय! तू मात्र बाकाची कड घट्ट धरून वाऱ्याकडे तोंड करून बसली होतीस. दासगावच्या बंदरात बोट पुढ्यात उभी, आणि तू मला विचारतेस, केवढी आहे हो? मी म्हटलं, आपल्या घराएवढी. मग बाणकोटची आगबोट केवढी? मी म्हटलं, आपल्या वाडीएवढी. तू कपाळाला हात लावलास. मी थट्टा करत नव्हतो. आपली तांबू गाय विणार होती म्हणून मला मागे राहावं लागलं, नाहीतर मीच तुला दाखवली असती.

लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझा एकच प्रश्न, ही सावित्री नदी येते कुठून आणि जाते कुठं. सासरी आलेल्या पोरीने असलं काही विचारू नये म्हणून आई रागवायची. जाते कुठं, ते तुझं तूच बघायला गेलीस. भिकूने लिहिलंय, बाणकोटला काकी आगबोटीच्या कठड्याला धरून लाटांकडे कान लावून उभी राहिली, आत चला म्हटलं तर आलीच नाही. ‘हिला पलीकडचा काठच नाय’ असं पुन्हापुन्हा म्हणत होती म्हणे. आता येते कुठून तेही बघू. मोटार हल्ली आंबेनळीच्या घाटाने थेट महाबळेश्वरला चढते. साहेब लोक जातात तर आपण का जाऊ नये? तिथं गायमुखातून नदी पडते म्हणतात. तिच्याखाली ओंजळ धरू, आणि घरून नेलेली भाकरी तिथंच बसून खाऊ.

भाकरी मात्र तू केलेली असावी. माझी नाचणीची भाकरी तव्यावर पडते ती तुकड्यातुकड्यांनी. पहिल्या दिवशी मी पीठ भिजवलं, थापलं, उचललं, आणि ते माझ्या दोन्ही कोपरांवरून खाली उतरलं. चंद्राबाई दारातून बघत होती. भावोजी, पिठाला आधी उकळतं पाणी घालायचं असतं, म्हणाली. हे कुणी मला सांगितलंच नव्हतं! इतकी वर्षं मी खाल्ली ती भाकरी आधी उकड घेऊन होते, मग हाताखाली फिरते, मग तव्यावर, मग निखाऱ्यावर, आणि एवढं सगळं तू धुरात बसून करतेस. गिरणीत एका कापडाला इतकी माणसं लागतात.

तांबूची तऱ्हा तर विचारूच नकोस. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी व्याली. पाडी झाली, कपाळावर पांढरा टिळा. पण दूध देईना. मी पुढं झालो की ही लाथ! शेवटी तुझं जुनं लुगडं अंगावर घेतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बसलो, तशी तिने पान्हा सोडला. वाडीत बातमी पोचायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊकच आहे. आता मी रानात शेत भाजायच्या राबाला फांद्या तोडायला निघालो की पोरी विचारतात, काका, आज कंचं लुगडं?

आता जे लिहितोय ते ऐकून रागावू नकोस. शिमग्याला देवीची पालखी यायची, तू घरात नाहीस, म्हणून म्हटलं, तू येशील तेव्हा तुला घर लखलखीत दिसू दे. घरातली जमीन उखडली, माती घातली, पाणी मारलं आणि चोपणं घेऊन धोपटून धोपटून आरशासारखी केली. तुझ्या सारवणात तो एक उंचवटा असायचा बघ, दारापासून चुलीकडे गेलेला, अंगठ्याएवढा जाड. मधूनच एक फाटा पाण्याच्या हंड्याकडे, एक माजघरात. मला वाटायचं तुझ्या हाताची सफाई गेली. थट्टाही केली होती एकदा, भात लावायचाय काय घरात, बांध घातलायस तो! तू नुसती हसलीस. तो बांध मी सबंध मोडला, वर शेणाने सारवलं, आणि मोठ्या ऐटीत चंद्राबाईला बघायला बोलावलं.

ती उंबऱ्यातच थांबली. ‘भावोजी, काय केलात हो हे! त्या बांधावरनंच ती घरात फिरायची. दिसत नाय तिला. दोन पावसाळे झाले.’

मी म्हटलं, जरा धूसर दिसतं एवढंच आहे. तीच म्हणाली तसं. चंद्राबाईने मान हलवली. उजेड कळतो तिला, म्हणाली, बाकी काय नाय. आणि मग सगळं सांगितलं. तांदूळ तुझे ती निवडायची, बदल्यात तिचं दळण तू दळायचीस, कारण जात्याला डोळे लागत नाहीत. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होतीस. आधी मला राग आला. तुझा, तिचा, सगळ्यांचाच. दोन वर्षं मी ह्या घरात जेवतोय, झोपतोय, आणि शेजारणीला ठाऊक ते मला नाही? रागारागाने मागच्या दाराशी जाऊन बसलो. बसलो तर पायाला काहीतरी लागलं. पडवीतून गोठ्याकडे जाणारा तुकडा मोडायचा राहिला होता.

तुळसा, मी डोळे मिटले आणि त्यावर पाऊल ठेवलं. पहिल्यांदा खांबावर आपटलो, टेंगूळ अजून आहे. मग कळलं की बांध नुसता सरळ नाही. खांब आला की तो आधीच जरा वळतो. पायरी यायच्या आधी त्याला बोटाने खळगे पाडलेत. उतार आला की रुंद होतो. पाय आपोआप चालतो गो, मला काही करावंच लागलं नाही. आणि शेवटी एक गुळगुळीत गोटा मातीत बसवलेला. पायाखाली गोटा आला, मी थांबलो, हात पुढे केला, तर तांबूची मान हाताखाली. मी तिथं किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. तांबू माझा हात चाटत होती आणि मी लहान पोरासारखा रडत होतो. डोंगरावरचा किल्ला पाहिला, मुंबईतले मोठाले पूल पाहिले, आगबोटी पाहिल्या. ते सगळं ज्यांनी बांधलं त्यांना दिसत तरी होतं. तू हे अंधारात बसून, दर आठवड्याला सारवता सारवता, आपल्या बोटांनी घातलंस, आणि त्यावरून चालत माझ्या ताटात ऊन भात आणून वाढलास. मला कधी वाटीसुद्धा कमी पडली नाही.

मोडलेला बांध मी पुन्हा घालून बघितला. वारुळाची माती आणली, शेण कालवलं, दारापासून सुरुवात केली. माझा बांध तुला थेट कणगीवर नेऊन आपटतो. दुसरा घातला तो चुलीत जातो. चंद्राबाई हसून हसून डोळे पुसत होती, आणि मग नुसतीच पुसत बसली. मला तो येत नाही. कुणालाच येणार नाही.

आता हे एवढं लांबण का लावलं ते सांगतो. काल भिकूचं दुसरं कार्ड आलं. त्यात एकच ओळ, काकी ऑपरेशनला नाय म्हणते. डाक्तरांना तू म्हणालीस, ह्या वयात मला नवीन काय बघायचंय, माझं घर माझ्या पायांना पाठ आहे, पालखीच्या आधी मला बोटीत बसवून द्या. अगो, पालखीचं मी बघतो. अंगण सारवून ठेवीन, ओटी चंद्राबाई भरील, आणि घरधनीण मुंबईला का राहिली ते देवीला मी स्वतः सांगीन, ती काही रागावायची नाही. पण तू नाय म्हणू नकोस. नवीन काय बघायचंय, विचारतेस. मला बघायचंय तुला. आपला संसार म्हणजे शिमग्याचे चार दिवस आणि गणपतीचे चार दिवस, बाकी वर्षभर मी गिरणीत आणि तू इथं. पोरींची लग्नंसुद्धा तशीच रजा काढून केली. दोन वर्षांमागे पेटी घेऊन कायमचा दारात उभा राहिलो, तेव्हा तू पुढं आलीस आणि माझ्या तोंडावरून हात फिरवलास. असं कधी केलं नव्हतंस. मी लाजलो, मनात खूश झालो, म्हटलं बायकोला आपली किती आठवण येत होती. तू मला बघत होतीस ते मला आत्ता कळतंय. तुळसा, मी घरी आलो आणि तू मला अजून पाहिलेलंच नाहीस. केस सगळे पिकलेत गो, मिशीसुद्धा. समोरचे दोन दात गेले. तांबूला चंद्राबाईच्या हवाली करून, सोबतीला तुझं लुगडंही देऊन, मी ह्या पत्राच्या पाठोपाठ पुढच्या बोटीने निघतोय. मी पोचायच्या आत डाक्तरांना हो म्हणून टाक. डोळ्याची पट्टी सुटेल तेव्हा खाटेपाशी एक म्हातारा बसलेला असेल. हा कोण, असं भिकूला विचारू नकोस. नीट बघ, सावकाश बघ, मला कुठं जायचं नाही आता.

तुझाच,
गोमाजी